माळशेजच्या पायथ्याशी गाडीची पारख

कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड, सरळगाव करत टोकावड्याला येतो आणि वैशाखरे मागे पडलं की माळशेज घाटाला भिडतो. जुन्या पाट्यांवर या महामार्गाचा क्रमांक २२२ होता, आता ६१ आहे. वर ओतूर, आळेफाटा आणि पुढे नगर. गाडीच्या दृष्टीने टोकावडे मोक्याच्या जागी आहे, कारण सपाटी इथे संपत येते. कल्याणपासून इथवर कुरकुर न करता आलेली गाडी खरी कशी आहे ते पुढच्या चढात कळतं. आणि वरून जुन्नरची भाजी घेऊन उतरलेली पिकअप इथे पोचते, तेव्हा तिची परीक्षा नुकतीच होऊन गेलेली असते. चाकांजवळ उभं राहिलं की तापलेल्या ब्रेक लायनरचा वास येतो. त्या वासावरून चालक नवखा की मुरलेला, हे इथला पंक्चरवालाही सांगतो.

पुढच्या पानांत या रस्त्यावरच्या माणसांची गाड्यांविषयीची मतं आहेत. त्यांत जीप चालवून म्हातारे झालेले चालक आहेत, गॅरेजमधले मिस्त्री आहेत, हप्त्यावर छोटा हत्ती घेतलेली तरुण पोरं आहेत, भाताच्या आणि भाजीच्या भाड्यावर घर चालवणारे पिकअपवाले आहेत, आणि गाडीचं निव्वळ वेड असलेले काही जण आहेत. ही मंडळी नवीन मॉडेल बाजारात आलं की कामाचा दिवस बुडवून शोरूमला बघायला जातात. यातल्या कुणाचंच नाव छापलेलं नाही. गावात एकाच्या गाडीला दुसऱ्याने बोल लावला की तो जिव्हारी लागतो, म्हणून तसंच ठरलं.

हा संग्रह करण्यामागे एक ठाम समजूत आहे. गाडी भरवशाची की नाही हे कंपनीच्या कागदावर ठरत नाही. तिच्यावर भार किती, रस्ता कसा, आणि ती बंद पडली तर कुणाच्या हातून, किती तासांत पुन्हा सुरू होते, यावर ते ठरतं. शहरात गाडी बंद पडली तर माणूस रिक्षा करतो. इथल्या एखाद्या पाड्यावर रात्री दोन वाजता बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आणि १०८ रुग्णवाहिकेला यायला वेळ आहे असं कळलं, तर शेजारची गाडी पहिल्या स्टार्टरला लागणं हीच तिची सगळी किंमत असते. डिझेल गाडीचा हीटर प्लग गेलेला असला तर पौषातल्या थंडीत ती लागत नाही. हा प्लग काही शे रुपयांचा असतो. म्हणून इथे गाडीचं कौतुक करताना कुणी आधी तिचा वेग सांगत नाही. ‘सकाळी एका चावीत लागते’ असं सांगतात.

मायलेजचंही तसंच. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. जाहिरातीत लिटरला अमुक किलोमीटर असा जो आकडा येतो, तो अशा प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठरलेल्या चक्राने चालवून काढलेला असतो. तो प्रामाणिक असतो आणि दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी पडतो. मात्र त्या रोलरवर दहा माणसं आणि टपावर तांदळाची पोती नसतात, आणि घाट तर नसतोच. टोकावड्यातला चालक ‘ॲव्हरेज’ सांगतो तो वेगळा आकडा असतो: भरल्या गाडीने वर जाऊन आल्यावर टाकीत किती उरलं. या पुस्तकातले सगळे आकडे त्या दुसऱ्या जातीचे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावेत.

या रस्त्यावर उतार चढापेक्षा अवघड मानला जातो, हे बाहेरच्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही. जड माल मुख्यतः वरून खाली येतो. टोमॅटो, कोबी, कांदा, कोथिंबीर भरलेल्या पिकअप कल्याणच्या बाजार समितीत भल्या पहाटे पोचायच्या असतात, म्हणजे घाट रात्री उतरायचा, आणि पावसाळ्यात धुक्यातून उतरायचा. जुने चालक एकच नियम सांगतात: ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. त्यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम आणि लायनर तापतात आणि घर्षण कमी होतं. भरीला ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. कोकणपट्टीतल्या चार महिन्यांच्या पावसात जुनं ऑइल पुरेसं पाणी पिऊन बसतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, ते तापून उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. गाडी खालच्या गिअरमध्ये असली तर इंजिन तिला धरून ठेवतं आणि ब्रेकवर वेळ येत नाही. हा नियम न पाळणाऱ्याच्या हातात कितीही नावाजलेली गाडी द्या, ती घाटात दगा देणार आणि तो कंपनीला शिव्या घालणार. इथले मिस्त्री म्हणून कुठल्याही गाडीबद्दल मत देण्याआधी विचारतात, चालवतो कोण?

इंजिनांविषयीची इथली पसंती समजायला थोडा इतिहास लागतो. महिंद्राने १९४७ पासून विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या वंशातल्या लांब चाशीच्या कमांडर आणि मार्शल पुढे ग्रामीण महाराष्ट्रात काळी-पिवळी होऊन फिरल्या. मूळ जीप पेट्रोलची. खेड्यात ती परवडायला लागली ती डिझेल इंजिन बसल्यावर. त्या डिझेल इंजिनांपैकी एक घराणं फ्रान्सच्या प्यूजोचं होतं आणि ती इंजिनं महिंद्राच्या इगतपुरीच्या कारखान्यात बनत. म्हणजे शहापूर तालुका संपला, कसारा घाट चढला की तिथेच. गाडी बनवणारी आणि ती मोडेस्तोवर वापरणारी माणसं एकाच सह्याद्रीच्या कडेला राहत होती, याचं मला अजून अप्रूप वाटतं. दुसरं घराणं आकुर्डीच्या बजाज टेम्पोचं. त्यांच्या मॅटेडोरनंतर आलेल्या ट्रॅक्सला मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाचा वारसा मिळाला. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, तरी जुन्या चालकांच्या तोंडी अजून ‘टेम्पो ट्रॅक्स’च आहे. तिसरी टाटांची सुमो, १९९४ची. टेल्कोचे शिल्पकार सुमंत मूळगावकर यांच्या नावातली दोन अक्षरं तिला दिली होती. २०१९ साली ती बंद झाली.

या सगळ्या इंजिनांत एक गोष्ट समान होती. ती संथ होती, धूर ओकत, आवाज करत, पण बिघडताना आधी सांगत. नोझल गळायला लागला तर आवाज बदलायचा. रिंगा गेल्या तर निळा धूर. हेड गॅस्केट जायच्या बेतात असलं तर रेडिएटरमध्ये बुडबुडे. डिझेलचा पंप यांत्रिक, त्यामुळे बॅटरी उतरली तरी धक्का मारून गाडी चालू व्हायची, आणि एकदा चालू झाली की तिला विजेची गरजच नसायची. हाफ इंजिन, फुल इंजिन, बोअर, वॉल्व्ह घासणं ही सगळी कामं टोकावड्यात नाही तर मुरबाडात होत. इथला जो भरवसा आहे तो या उलगडून पाहता येण्यावर उभा आहे. ‘गाडी कधीच बिघडणार नाही’ असं इथे कुणी मानत नाही. बिघडली तर आपल्या हातातली आहे, एवढं पुरे असतं.

बोलेरोचं उदाहरण थोडं लांबवून सांगतो, कारण बाजार, कायदा आणि इंजिन यांचा गुंता त्यात चांगला दिसतो. ती आली २००० साली, प्यूजो घराण्यातलंच अडीच लिटरचं डिझेल घेऊन. पुढे तिच्यात २,५२३ सीसीची इंजिनं आली. लांबी चार मीटरच्या थोडी वर होती. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने लहान गाडीची व्याख्या ठरवली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत, डिझेल १,५०० सीसीपर्यंत, या मापात बसणारीला उत्पादन शुल्क कमी. दहा वर्षांनी, २०१६ साली, बोलेरो पॉवर प्लस आली. लांबी ३,९९५ मिलिमीटर, इंजिन १,४९३ सीसी, चाराऐवजी तीन सिलिंडर. ताकद मात्र ६३ अश्वशक्तीवरून ७०वर गेली. दिसायला गाडी तीच. बंपर आखूड झाला आणि आतलं काळीज बदललं. सप्टेंबर २०२५मध्ये वस्तू व सेवा कर कमी झाला तेव्हा याच मापामुळे ती १८ टक्क्यांच्या टप्प्यात बसली. त्याआधी २८ टक्के आणि वर उपकर होता.

या बदलावर टोकावड्यात दोन तट आहेत. एक म्हणतो, अडीच लिटरचं इंजिन भार ओढताना हसायचं, तीन सिलिंडरचं कण्हतं, आणि लहान इंजिनातून मोठी ताकद काढायची म्हणजे सगळा जोर टर्बोवर. टर्बो गेला की घरातले दागिने गहाण. दुसरा तट तरुण चालकांचा आहे. ते म्हणतात, नवीन इंजिन कमी डिझेल पितं, लवकर उचलतं, आणि ऑइल वेळच्या वेळी बदललं तर काही होत नाही; जुन्या लोकांना ऑइल काळंकुट्ट होईस्तोवर चालवायची सवय होती, ती टर्बोला चालत नाही. माझं मत दुसऱ्या तटाकडे झुकतं. टर्बोच्या दांड्याला मिनिटाला लाखावर फेरे घ्यावे लागतात आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आल्या आल्या चावी बंद केली की ते ऑइल तिथल्या तिथे जळतं. मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवणं, एवढ्याने टर्बोचं आयुष्य वाढतं. पण पहिल्या तटाचं दुःखही मी ओळखतो. नव्या गाडीने त्यांच्या हातातली विद्या जुनी केली.

२०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि हे दुःख आणखी खोल गेलं. हवा स्वच्छ व्हायला हवी, याबद्दल इथे कुणाचा वाद नाही. ट्रकच्या मागून घाट चढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. अडचण आहे ती गाळणीची. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी डीपीएफ ही जाळी असते. ती भरली की गाडी आपोआप जास्त डिझेल जाळून धूर तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी काही वेळ सलग वेगाने धावावं लागतं. टोकावडे ते मुरबाड दर फाट्यावर थांबत, माणसं चढवत-उतरवत जाणाऱ्या गाडीला ती सलग धाव मिळत नाही. जाळी अर्धवट जळते, दिवा लागतो, ताकद कमी होते. शिवाय अर्धवट जळणाऱ्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. आयुष्यभर ज्या मिस्त्रीने ऑइलची पातळी कमी झाली की काळजी केली, त्याला आता पातळी वाढली तर काळजी करायची हे शिकावं लागलं. या पुस्तकातली त्या शिकण्याविषयीची पानं मला सर्वांत मोलाची वाटतात. स्कॅनर विकत घेणारा एक मिस्त्री म्हणतो, मशीन कोड सांगतं, पण तारेला उंदराने कुरतडलंय हे डोळ्यांनीच बघावं लागतं.

इंजिन चांगलं असूनही गाडी वाऱ्यावर पडते, असंही होतं, आणि त्याची उदाहरणं या जिल्ह्यात दूर शोधावी लागत नाहीत. नव्वदच्या दशकात प्रीमियर आणि प्यूजो यांनी मिळून डोंबिवलीजवळच्या कारखान्यात प्यूजो ३०९ बनवायला घेतली. गाडी वाखाणली गेली, तिचं दीड लिटरचं डिझेल इंजिन तर पुढे मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्येही बसलं. पण दशक संपायच्या आत प्यूजो निघून गेली आणि ३०९ घेतलेल्यांना सुट्या भागांसाठी वणवण आली. त्यानंतर शेवरलेट टवेरा. यात्रेला जाणाऱ्या मंडळींची ती लाडकी गाडी होती. कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि टवेरावाले कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारावर अवलंबून राहू लागले. याउलट फियाटचं १.३ मल्टिजेट बघा. १,२४८ सीसीचं हे डिझेल इंजिन रांजणगावात बनलं, परवान्यावर मारुतीनेही बनवलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत ते होतं. २०२०मध्ये ते बंद झालं, तरी त्याचा कुठलाही भाग आजही सापडतो, कारण रस्त्यावर त्या गाड्या अमाप आहेत. इथला चालक नवीन गाडी घेताना शेजारच्या चार गावांत ती किती जणांकडे आहे ते आधी पाहतो. शहरातल्या शौकिनाला ही मेंढरं चालल्यासारखी निवड वाटते. मला त्यात पुरतं शहाणपण दिसतं: ज्या गाडीचे दहा मालक आसपास आहेत, तिचा पार्ट मुरबाडच्या दुकानात असतो आणि तिचा रोग मिस्त्रीला पाठ असतो.

जुनी गाडी घेण्याची कला हा इथला वेगळाच विषय आहे. म्हसे गावच्या यात्रेत पौष पौर्णिमेपासून बैलांचा बाजार भरतो. तिथे जाणता शेतकरी बैलाचे दात मोजतो, चालवून बघतो, मालकाच्या बोलण्याकडे फार लक्ष देत नाही. जुनी गाडी घेणारेही तसेच असतात. आधी बोनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना ते बघायचं, कारण विकणारा गाडी तापवून ठेवतो. मग सुरू करून ऑइलचं झाकण उघडायचं. तिथून जोराने धूर आणि हवा येत असली तर रिंग-पिस्टनचं काम निघालं. चाशीला खालून नवीन रंग दिसला तर तो का मारला ते विचारायचं. मागच्या पाट्यांमध्ये एक पाटा जास्त बसवलेला असला तर गाडीने मापाबाहेरचा भार वाहिला आहे. किलोमीटरच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. क्लचच्या पेडलवरचं रबर किती झिजलंय ते बघतात.

पेट्रोल गाड्यांविषयी कमी लिहिलं गेलंय, कारण इथे त्या उशिरा शिरल्या. डिझेल आणि पेट्रोलच्या भावातला फरक २०१४ नंतर आटत गेला, २०२०मध्ये मारुतीने डिझेल सोडलं, आणि वडापच्या धंद्यात मारुती इको दिसू लागली, बहुतेक सीएनजीची. घाटात ती दमते, सपाटीवर पैसे वाचवते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मात्र सगळे बोलतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं घटणार हे गणितच आहे. ते पाणी शोषतं, म्हणून पावसाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकलीच्या टाकीची काळजी घ्यावी लागते. घाटावरच्या साखर कारखान्यांचा पैसा त्यातून सुटतो, ही गोष्ट ज्यांचे नातेवाईक जुन्नर-नगरकडे ऊस लावतात ते आवर्जून सांगतात. एकाच घरात दोन मतं निघतात ती अशी.

जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून ताशी १२०ची मर्यादा असलेला रस्ता गेला. मुरबाड आणि शहापूर या शेजारशेजारच्या दोन तालुक्यांत गाडीकडून आता दोन वेगळ्या अपेक्षा आहेत. माळशेजला गिअर, क्लच, ब्रेक. समृद्धीवर टायर. कमी हवेचा टायर तासभर त्या वेगाने फिरला की त्याच्या कडा वाकून-वाकून तापतात आणि फुटतात. तिकडे फिटरपेक्षा टायरच्या दुकानातला माणूस जास्त जाणकार ठरतो. पावसाळ्यात धबधबे बघायला येणाऱ्या मुंबईच्या गाड्यांकडून इथल्या मिस्त्रींना आणखी एक धडा मिळाला. घाटातल्या कोंडीत इंचाइंचाने सरकताना ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांचा कोरडा क्लच तापतो आणि गाडी मध्येच हार मानते. त्या प्रकाराला वाईट म्हणायची घाई मात्र इथे कुणी केलेली नाही. कोंडीत सरकण्याऐवजी पुढे जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच गाडी काढावी, असा त्यांचा सल्ला आहे, आणि तो बरोबर आहे.

राहिली इलेक्ट्रिक. तिच्यात क्लच नाही, टर्बो नाही, जाळी नाही. सुरुवातीपासून पूर्ण ओढ मिळते, आणि घाट उतरताना मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत भरते, म्हणजे ब्रेकही तापत नाहीत. भाजी घेऊन उतरणाऱ्या गाडीसाठी याहून चांगला गुण कल्पनेत येणार नाही. ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचे प्रश्नही तितकेच खरे आहेत. वादळी पावसात गावची वीज गेली तर पहाटे गाडी कशी निघणार? आठ वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर तोवर फेडलेल्या हप्त्यांचं काय? पाण्यातून गेलेली तार दुरुस्त करायला कल्याणहून माणूस येणार की गाडीच कल्याणला न्यावी लागणार? भार वाहणारी इलेक्ट्रिक गाडी बॅटरी संपेपर्यंत या घाटात वापरून झालेला माणूस या पुस्तकासाठी भेटला नाही. ऐकीव मत छापायचं नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणून ते प्रकरण दोनच पानांचं आहे, आणि त्यात बहुतेक प्रश्नच आहेत.